ठाण्या-नवी मुंबईच्या गॅलरीत ऑर्किडसाठी कोणतं मिडियम?

ऑर्किडची कुंडी कशाने भरायची, म्हणजे मिडियम कोणतं घ्यायचं, असं विचारलं की दहा जण दहा मिश्रणं सांगतात, आणि गंमत म्हणजे त्यातलं प्रत्येक कुठे ना कुठे छान चाललेलं असतं. बंगळूरच्या गच्चीत फुललेलं मिश्रण वाशीच्या गॅलरीत जुलैमध्ये कुजतं. सामान तेच असतं, पण तिथे ते दोन दिवसांत सुकतं आणि इथे आठवडाभर ओलं राहतं. त्यामुळे कोळसा की साल, मॉस की नारळ, हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. पहिला प्रश्न असा: माझ्या गॅलरीत, माझ्या कुंडीत हे मिश्रण पाणी घातल्यापासून किती दिवसांत सुकतं? आणि त्याचं उत्तर जानेवारीतलं धरायचं नाही, जुलैतलं धरायचं.

याचं कारण मुळांत आहे. आपण घरी लावतो ती बहुतेक ऑर्किडं, म्हणजे डेन्ड्रोबियम, फॅलेनॉप्सिस, व्हँडा, कॅटलिया, ऑन्सिडियम, ही मूळची झाडांच्या खोडांवर वाढणारी. कोकणात आंब्या-फणसाच्या खोडावर सीतेची वेणी वाढते तशीच. खोडावर माती नसते. सर आली की मुळं भिजतात, सर थांबली की वाऱ्याने सुकतात. या मुळांवर पांढरट, स्पंजसारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. ते काही मिनिटांत पाणी शोषून घेतं आणि मग सावकाश आतल्या मुळाला देतं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं, भिजलं की आतला हिरवा रंग वर येतो. हे आवरण दिवसेंदिवस भिजलेलंच राहिलं तर आतल्या मुळाला हवा मिळत नाही, ते गुदमरतं आणि मग बुरशी आपलं काम करते. झाड पाण्याने मरतं असं आपण म्हणतो, पण खरं तर ते हवेवाचून मरतं.

म्हणून मिडियममध्ये खरं महत्त्व तुकड्यांमधल्या मोकळ्या जागांना. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. लोक कोळसा आणतात, फोडतात आणि भुकटीसकट कुंडीत ओततात. मोठ्या तुकड्यांमधल्या फटींत लहान तुकडे बसतात, त्यांच्यामधल्या फटींत भुकटी बसते, आणि हवेला जागाच उरत नाही. शिवाय बारीक कण पाणी धरून ठेवतात आणि पाण्याबरोबर खाली सरकून कुंडीच्या तळाशी थर करतात. वरून बघावं तर कोरडं, तळाला चिखल. बोट घालून पाहणाऱ्याची नेमकी इथेच फसगत होते.

तेव्हा कुठलंही सामान असो, आधी चाळायचं. रेती चाळायची जाळी किंवा जुन्या भाजीच्या क्रेटचा तुकडा चालतो. एका कुंडीत साधारण एकाच मापाचे तुकडे घालायचे. डेन्ड्रोबियमला आणि जाड मुळांच्या कॅटलियाला दोन ते तीन सेंटिमीटर, फॅलेनॉप्सिसला दीड ते दोन, बारीक मुळांच्या ऑन्सिडियमला एक ते दीड. एक सेंटिमीटरच्या खालचं जे उरेल ते गुलाबाच्या किंवा मोगऱ्याच्या कुंडीत टाका, तिथे ते कामाला येतं.

आता सामान एकेक करून.

लाकडी कोळसा हा आपल्या हवेत माझ्या पहिल्या पसंतीचा. तो कुजत नाही, हलका असतो, आणि गॅलरीच्या ग्रिलला टांगलेल्या कुंड्यांना हलकेपणा फार महत्त्वाचा. इस्त्रीवाल्याला जिथून मिळतो त्या वखारीत तो किलोवर मिळतो. बार्बेक्यूसाठी ठोकळे करून विकतात तो घेऊ नका, त्यात भुकटी बांधायला इतर पदार्थ घातलेले असतात आणि ओला झाला की तो फुटतो. कोळसा गोणपाटात घालून हातोडीने फोडायचा, तोंडाला रुमाल बांधायचा, चाळायचा. मग बादलीत भिजत घालायचा. तो तरंगतो, म्हणून वर ताटली आणि त्यावर दगड ठेवायचा. चोवीस तासांनी काळं पाणी ओतून दोनदा धुवायचा. कोळशाचा एकच दोष: खतातले क्षार त्यात साठत जातात. त्याचा उपाय पुढे सांगते.

विटांचे तुकडे कोळशापेक्षा थोडं जास्त पाणी धरतात आणि कुंडीला वजन देतात, त्यामुळे उंच डेन्ड्रोबियम वाऱ्यात आडवं होत नाही. वीट भाजलेली हवी. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द वाजणारी वीट कच्ची असते, सहा महिन्यांत तिची माती होते. इमारतीच्या डेब्रिसमधून विटा उचलणार असाल तर चिकटलेलं सिमेंट आणि चुना पूर्ण तासून काढा, कारण त्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि ऑर्किडला किंचित आम्ल पाणी मानवतं. आणि हल्ली ठाण्यातल्या नव्या टॉवरच्या बांधकामावर पडलेले करडे-पांढरे, वजनाला हलके ठोकळे म्हणजे वीट नव्हे. ते सिपोरेक्सचे ब्लॉक. त्यात चुना-सिमेंट असतंच, वर ते पाणीही खूप पितात. ते अजिबात वापरू नका. घरी जुनी मंगलोरी कौलं पडली असतील तर मात्र ती सोनं समजा, त्यांचे तुकडे विटेपेक्षा चांगले.

नारळाच्या सोडणाचे तुकडे फुकट मिळतात म्हणून सगळेच घालतात. ते वाईट नाहीत, पण त्यांच्यावर मेहनत घ्यावी लागते. पहिली गोष्ट, शहाळ्याचं सोडण नको. ते कोवळं, ओलसर आणि गोडसर असतं, त्यावर लगेच बुरशी धरते आणि ते पाऊसभरात लिबलिबीत होतं. पिकलेल्या, सुकलेल्या, तपकिरी नारळाचंच घ्या. देवळाजवळच्या नारळवाल्याकडे ते ढिगाने पडलेलं असतं. त्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करायचे. नुसता काथ्या नको, तुकडा हवा. ते पाण्यात भिजत घातले की पाणी कोऱ्या चहासारखं होतं. तो टॅनिन आहे, आणि डोळ्यांना न दिसणारे सोडियम-पोटॅशियमचे क्षारही त्यात उतरतात. रोज पाणी बदलत तीन-चार दिवस हे करायचं, पाणी जवळपास स्वच्छ राहीपर्यंत. शेवटच्या पाण्यात दहा लिटरला चहाचे दोन चमचे कॅल्शियम नायट्रेट घालून रात्रभर ठेवलं तर कॅल्शियम उरलेल्या सोडियमची जागा घेतं. मग एकदा साध्या पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवायचे.

कोकोपीटबद्दल एवढंच: या ऑर्किडांना नको. ते बारीक असतं आणि पाणी सोडत नाही. नर्सरीत ते अनेकदा रोपाच्या मुळांभोवती घट्ट भरलेलं मिळतं, कारण त्यांच्याकडे रोप वाहतुकीत सुकू नये ही गरज असते. आपली गरज उलटी आहे.

पाइनची साल सुंदर मिडियम आहे, विशेषतः फॅलेनॉप्सिससाठी. ती विकत आणावी लागते आणि आपल्या दमट हवेत दीड-दोन वर्षांत भुसभुशीत होते. कोरडी साल सुरुवातीला पाणी घेतच नाही, वरून घातलेलं पाणी सरळ भोकातून निघून जातं आणि कुंडी ओली झाली असं वाटतं. म्हणून वापरण्याआधी चोवीस तास भिजवा. नवी साल कुजताना तिच्यातले जिवाणू नायट्रोजन खातात. त्यामुळे नव्या सालीत लावलेलं झाड फिकट दिसू लागलं तर सुरुवातीचे काही महिने नायट्रोजन थोडं जास्त असलेलं खत द्या.

स्फॅग्नम मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतं. एसीच्या खोलीत, खिडकीजवळ ठेवलेल्या छोट्या फॅलेनॉप्सिसला ते चालतं, मुळं कमी उरलेल्या आजारी रोपाला तर ते वरदान आहे. पण उघड्या गॅलरीत जून ते सप्टेंबर मॉसची कुंडी ठेवणं म्हणजे मुळं कुजायला आमंत्रण. वापरलंच तर सैल भरा. दाबून भरलेलं मॉस मधोमध कधीच सुकत नाही.

भाजलेल्या मातीच्या गोळ्या, ज्यांना क्ले बॉल म्हणतात, स्वच्छ आणि टिकाऊ असतात. महाग पडतात, आणि क्षार त्यांच्यावरही जमतात. थर्माकोलचे तुकडे फक्त कुंडीच्या तळाशी, निचऱ्यासाठी आणि वजन कमी करायला. वर घातले तर वाऱ्याने उडून शेजारच्यांच्या गॅलरीत जातात.

मग मिश्रण कोणतं? इथे तुमचं घर कुठे आहे ते आधी बघावं लागेल. घोडबंदर रोडवर विसाव्या मजल्यावर पश्चिमेची गॅलरी असेल तर एप्रिलमध्ये नुसता कोळसा सकाळी भिजवला की दुपारी खडखडीत. तिथे डेन्ड्रोबियमला दोन भाग कोळसा, दोन भाग वीट आणि एक भाग सोडण चालेल. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत पहिला मजला, समोर दुसरी इमारत आणि वारा बंद, अशा जागी सोडण काढून टाका आणि कोळसा-वीट अर्धी अर्धी घ्या. नेरूळ-सीवूड्सला खाडीच्या बाजूची गॅलरी दमट असली तरी वारा चांगला असतो, तिथे कोळसा तीन भाग आणि वीट एक भाग पुरते. सिडकोच्या इमारतींत ग्रिलला पत्रा ठोकून बंद केलेल्या खिडक्या असतात. तिथे ओल बाहेर पडायला वाटच नसते, म्हणून सगळ्यात कोरडं मिश्रण आणि शक्य असेल तर छोटा पंखा.

फॅलेनॉप्सिसला तीन भाग साल आणि एक भाग कोळसा, तीही घरात किंवा पावसाची झड न येणाऱ्या खिडकीत. कॅटलियाला मोठ्या तुकड्यांचा कोळसा आणि वीट. व्हँडाला खरं तर मिडियमच नको. लाकडी किंवा प्लास्टिकच्या जाळीच्या टोपलीत बुंधा टेकायला कोळशाचे चार-पाच मोठे तुकडे, बाकी मुळं मोकळी लोंबू द्यायची आणि कोरड्या दिवसांत रोज भिजवायची. एक अपवाद नीट लक्षात ठेवा: स्पॅथोग्लॉटिस, म्हणजे जमिनीत वाढणारं जांभळ्या-पिवळ्या फुलांचं ऑर्किड. ते कोळशात लावलं तर उपाशी आणि तहानलेलं राहतं. त्याला माती, वाळू, कोकोपीट आणि कुजलेलं शेणखत यांचं निचऱ्याचं मिश्रण हवं.

ही प्रमाणं सुरुवातीपुरती. पक्कं ठरवायला एक साधी चाचणी आहे. झाड न लावता कुंडी मिश्रणाने भरा, दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, अर्धा तास निथळू द्या आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. मग ती नेहमीच्या जागी टांगून रोज त्याच वेळी वजन करा. ज्या दिवशी वजन उतरायचं थांबतं त्या दिवशी कुंडी सुकली. कोरड्या दिवसांत डेन्ड्रोबियमची कुंडी दोन दिवसांत आणि फॅलेनॉप्सिसची चार-पाच दिवसांत सुकायला हवी. पावसाळी हवेत डेन्ड्रोबियमला चार दिवसांच्या वर लागत असतील तर मिश्रण अजून मोकळं करा. ही चाचणी एकदा मार्चमध्ये आणि एकदा जुलैमध्ये करा. दोन आकड्यांतला फरक पाहिला की ठाण्यात लोक ऑर्किड का गमावतात ते आपोआप कळतं. आपल्याकडे वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत.

कुंडी मिश्रणाइतकीच महत्त्वाची. बाजूला भोकं असलेली मातीची कुंडी सगळ्यात सुरक्षित, कारण ती भिंतीतूनही पाणी उडवते. फॅलेनॉप्सिसची मुळं उजेडात हिरवी राहतात आणि थोडं अन्नही तयार करतात, त्यामुळे तिला पारदर्शक प्लास्टिकची कुंडी, पण तळाला आणि बाजूला भरपूर भोकं पाडून. आकार लहानच घ्यायचा. मुळांचा गोळा मावून भोवती दोन बोटं जागा उरली की पुरे. मोठ्या कुंडीत मधलं मिश्रण सुकत नाही आणि झाड मधोमध कुजतं. पाच इंची कुंडीला साधारण एक लिटर मिश्रण लागतं, चार इंचीला अर्धा लिटर, तेव्हा किती तयार करायचं याचा अंदाज येईल.

झाड कधी हलवायचं? बुंध्यातून नवा कोंब आणि त्याला सेंटिमीटरभर हिरव्या टोकाची नवी मुळं दिसू लागली की. आपल्याकडे बहुतेक डेन्ड्रोबियमना हे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतं, आणि जूनच्या आत मुळं बसायला वेळ मिळतो. फुलांची दांडी आलेलं झाड हलवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये फक्त कुजायला लागलेलं झाडच हलवायचं, ते नाइलाज म्हणून.

कुंडी आधी तासभर भिजवा, म्हणजे चिकटलेली मुळं न तुटता सुटतात. नर्सरीतून आणलेल्या फॅलेनॉप्सिसच्या मुळांच्या अगदी मधोमध मॉसचा किंवा कोकोपीटचा घट्ट गड्डा असतो. तो वरून दिसत नाही, बोटांनी आणि चिमट्याने हळूहळू काढावा लागतो. तो राहिला तर बाहेरचं मिडियम कितीही चांगलं असो, बुंधा आतून ओलाच राहतो. मग एकेक मूळ दोन बोटांत धरून हलकेच दाबा. निरोगी मूळ टणक लागतं, वरून तपकिरी दिसलं तरी. कुजलेलं मूळ दबतं, आणि ओढलं की साल मोजा उतरावा तशी सुटून येते, हातात नुसता दोरा उरतो. अशी सगळी मुळं कापा. कात्री प्रत्येक झाडाआधी लायटरच्या ज्योतीवर धरा, कारण विषाणू बहुधा कात्रीवरूनच एका झाडाचे दुसऱ्याला लागतात.

कापल्यानंतर कार्बेन्डाझिम आणि मँकोझेबचं एकत्रित बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम घेऊन दहा मिनिटं मुळं बुडवा. हातमोजे घाला आणि त्यासाठीचं भांडं वेगळंच ठेवा. दालचिनीची पूड बुंध्यावरच्या किंवा पानावरच्या जखमेला लावायला चांगली, पण मुळांवर टाकू नका, ती त्यांना सुकवते. झाड सावलीत चार-पाच तास टांगून कोरडं होऊ द्या.

डेन्ड्रोबियम, कॅटलिया भरताना जुन्या कांड्या कुंडीच्या काठाला लावायच्या आणि नवा कोंब मधल्या मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवायचा, कारण झाड त्याच दिशेला पुढे सरकणार आहे. बुंधा मिश्रणावर टेकलेला हवा, पुरलेला नको. मुळांमध्ये तुकडे सरकवत कुंडी आपटून बसवा, दाबू नका. शेवटी काठी रोवून झाड पक्कं बांधा. हे बांधणं लोक टाळतात, पण झाड वाऱ्याने हललं की नव्या मुळांची टोकं तुकड्यांना घासून मोडतात आणि मोडलेलं टोक पुढे वाढत नाही. तीन दिवस पाणी नको, फक्त पानांवर सकाळी फवारा. खत तीन आठवड्यांनी, १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. दर चौथ्या आठवड्याला खत न देता कुंडीतून दोन-तीन लिटर साधं पाणी सोडा. कोळशातले आणि क्ले बॉलमधले क्षार असेच धुतले जातात. कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसला म्हणजे हे राहून गेलं असं समजा.

महापालिकांचं धरणाचं पाणी ऑर्किडला बहुधा चांगलंच असतं. प्रश्न येतो तो उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळू लागलं की. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं स्वस्त टीडीएस मीटर घ्या. दोनशेच्या आत असेल तर निर्धास्त वापरा, तीनशेच्या वर गेलं तर खताची मात्रा अर्धी करा आणि पावसाचं साठवलेलं किंवा एसीतून गळणारं पाणी मिसळून वापरा.

पावसाळ्यात टांगलेल्या कुंड्या पागोळीखालून हलवा. थेट सरींपेक्षा स्लॅबवरून दिवसभर टपकणारं पाणी जास्त घातक. बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी. झाड लगेच बाजूला काढा, मिडियम पिशवीत बांधून टाकून द्या, ते धुवून परत वापरायचं नाही. नव्या मुळांची टोकं कुरतडलेली दिसली तर रात्री टॉर्च घेऊन पाहा, बारीक गोगलगाई सापडतील. कुंडी काठापर्यंत अर्धा तास पाण्यात ठेवली की त्या वर येतात. कुंडीखाली बशी ठेवूच नका. मुळं कुजतातच, शिवाय त्यात डासांच्या अळ्या होतात.

पाणी नियमित देऊनही कांड्या सुरकुतल्या, पानं लोळू लागली, तर हात आवरा आणि मुळं तपासा. बहुतेक वेळा मुळंच उरलेली नसतात आणि आपण आणखी पाणी घालत असतो.

दरवर्षी मेच्या सुरुवातीला प्रत्येक कुंडीतला एक तुकडा काढून चिमटीत दाबून पाहा. सोडण बहुधा वर्षाभराने, साल दीड-दोन वर्षांनी बदलावी लागते. कोळसा आणि वीट तीन-चार वर्षं जातात. रोग नसलेल्या कुंडीतले विटांचे तुकडे ब्रशने घासून, उकळत्या पाण्यात टाकून, उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतात.